ट्रक, टिपर, जेसीबी, पोकलेन चालवणाऱ्या बायकांसाठी धागा : लायसन, पहिली नोकरी, मुक्काम, बाथरूम, विमा, जे पक्कं माहीत आहे ते इथे लिहा

दहाचाकी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज गाडी भिवंडीला नंबरला लावलीय आणि खाली व्हायला संध्याकाळ होणार असं दिसतंय, तर लिहूनच टाकते.

मी फलटणजवळची. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दारात दहा चाकी उभी, बँकेचा हप्ता चालू, आणि ड्रायव्हर ठेवला की डिझेल पगार भत्ता जाऊन हातात काही राहत नव्हतं. पिकअप मी आधीपासून चालवायचे, डाळिंब मार्केटला न्यायला. मग हेवीचं, म्हणजे अवजड गाडीचं, लायसन काढलं, आता पाचवं वर्ष चालू आहे. गेल्या दोन महिन्यांत इथल्याच तीन जणींनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं की ताई सुरुवात कुठून करायची. प्रत्येकीला तेच परत परत लिहिण्यापेक्षा एक धागा असलेला बरा. ऐकीव नको, स्वतः केलेलं किंवा खात्रीचं लिहा.

माझ्याकडून पहिलं सांगते. स्टिअरिंगला ताकद लागते, बाईला झेपत नाही, हे मी लग्नाच्या आधीपासून ऐकत आलेय. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीला ताकद लागत नाही. माझी उंची पाच फूट. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, तेवढी सीट पुढे घ्यायची, आणि उशी घ्यायची तर पाठीमागे घ्यायची, बुडाखाली नाही, ब्रेक मारला की ती सरकते. चढताना उतरताना केबिनकडे तोंड करून, दोन हात एक पाय नाहीतर दोन पाय एक हात कायम धरलेला. उडी मारून उतरायचं नाही. माझा घोटा पहिल्याच महिन्यात असाच मुरगळला होता.

गाडी शिकायला मला चार महिने लागले. गाडी थांबल्यावर काय करायचं हे शिकायला दोन वर्षं लागली. पहिल्या वर्षी एका गोडाऊनला सकाळी सहापासून लाईनीत होते. गेटवरच्या माणसाने सांगितलं लेडीज बाथरूम फक्त ऑफिस स्टाफसाठी आहे, ड्रायव्हर लोकांचं तिकडे मागे. मागे म्हणजे तीन भिंती, दार नाही, आणि बाहेर वीस पंचवीस गाड्यांची माणसं. मी दिवसभर पाणी प्यायले नाही. रात्री साडेनऊला गाडी खाली झाली, खंडाळ्यापर्यंत थंडी वाजायला लागली, घरी पोचले तेव्हा ताप १०३. युरिन इन्फेक्शन. डॉक्टर बाई ओरडल्या की पाणी न पिणं हा उपाय नाहीये, तू आजार विकत घेतेयस. तेव्हापासून पाणी पितेच. पाच लिटरचा कॅन सीटच्या मागे, आणि ऑनलाइन एक प्लास्टिकचं नरसाळं मिळतं उभ्याने लघवी करायचं, ते घेतलं. केबिनचे पडदे लावायचे, झाकणाची बाटली, झालं. लाजून उपयोग नाही म्हणून सरळ लिहितेय.

काळजीतली_आई

ताई, मी कराडची. मुलगी १९ वर्षांची आहे, बारावी झाली, कार चालवते. तिला हेवीच शिकायचंय, तिच्या मामाचा टिपर आहे त्यावर बसून बसून हे डोक्यात आलंय. घरात रोज वाद. मला तिची हौस मोडायची नाहीये हो, पण रात्री कुठे झोपणार, वाटेत काही झालं तर कोण, हे विचार आले की माझी झोप उडते. तुम्ही रात्री कुठे थांबता ते जरा सविस्तर सांगाल का?

गाडीमास्तर

सांगलीत ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं, बावीस वर्षं शिकवतोय. लायसनचं मी लिहितो.

वहिनी, मुलगी १९ ची आहे म्हणजे घाई नाही. हेवी ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय २० पूर्ण लागतं, आणि हेवीचं लर्निंग काढायला त्याआधी हलक्या मोटारीचं, म्हणजे एलएमव्हीचं, पक्कं लायसन किमान एक वर्ष जुनं लागतं. तिचं पक्कं लायसन झालंय का ते आधी बघा, नुसतं लर्निंग असेल तर ते वर्ष धरत नाहीत. मग सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज, डॉक्टरचं मेडिकल फॉर्म १ए वर, मोटार स्कूलचं सर्टिफिकेट फॉर्म ५ वर, आणि आरटीओची टेस्ट. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ ला काढून टाकली, त्यामुळे ज्यांची शाळा सुटली त्या बायकांनी त्या कारणाने मागे राहू नये. हेवीचं लायसन ५ वर्षांनी रिन्यू करायचं. टँकर, गॅस असा धोकादायक माल न्यायचा तर वेगळं ३ दिवसांचं ट्रेनिंग आणि लायसनवर तशी नोंद.

आणखी एक, हे बऱ्याच मालकांनाही माहीत नसतं. ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची माल गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं. म्हणजे पिकअप, छोटा टेम्पो यावर हात बसवायला हेवीची वाट बघायला नको. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलींना हेच सांगतो, आधी वर्षभर लोड गाडी चालव, रिकामी नाही. लोड मागून ढकलतो ते पायाला कळलं पाहिजे. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि न्यूट्रल कधीच नाही, डिझेल वाचतं असं कोणी सांगितलं तरी नाही. खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याकडे जाताना जो एस वळणाचा उतार आहे तिथे किती गाड्या गेल्यात ते साताऱ्याकडचे लोक सांगतील.

पुण्याकडच्या मुलींना भोसरीची सीआयआरटी आणि नाशिक फाट्याजवळची आयडीटीआर या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था जवळ आहेत, तिथे जाऊन चौकशी करा, फोनवर अर्धवट माहिती मिळते.

दहाचाकी

मास्तर, धन्यवाद, हे मला पाच वर्षांपूर्वी कोणी एका जागी सांगितलं असतं तर तीन चकरा वाचल्या असत्या.

कराडच्या ताई, तुमची काळजी खरी आहे, माझी सासूबाई अजून मी घरी येईपर्यंत ओट्यावर बसून राहते. मी काय करते ते सांगते. अंधार पडल्यावर नवीन ठिकाणी थांबत नाही. माझे थांबे ठरलेले आहेत, सहा पंप आणि दोन ढाबे, सगळे हायवेला लागून, लाईट असलेले, जिथे मॅनेजर मला ओळखतो. पहिल्यांदा दिवसा जाऊन बघितले, बाथरूमला आतून कडी आहे का, पाणी आहे का, मग ठरवले. गाडी नेहमी निघायच्या तोंडाने लावते, रिव्हर्स घ्यायची वेळ येऊ नये म्हणून. दोन्ही दारं आतून लॉक, वर पट्टा बांधते. जीपीएस नवऱ्याच्या मोबाईलवर दिसतो. थांबले की एक मेसेज, निघाले की एक मेसेज, एवढंच, पण तो चुकवत नाही. रस्त्यात गाडी बंद पडली तर नॅशनल हायवेला १०३३, आणि माणसाची भीती वाटली तर सरळ ११२.

नवीन गाड्यांना, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या, केबिनला एसी सक्तीचा झालाय, त्याचा दिवसा काचा बंद ठेवायला खूप फायदा आहे. पण इंजिन बंद केलं की एसी बंद, त्यामुळे झोपताना खिडकीला जाळी लागतेच, ती मी शिवून घेतलीय.

पोकलेन_चिपळूण

मी मशीनवाली. आधी रोलर, मग जेसीबी, आता तीन वर्षं पोकलेन, रस्त्याच्या कामावर. माझं सांगते म्हणजे ट्रक नको पण मशीन हवं अशा मुलींना कळेल. आमचा मुक्काम साईटवर, रोज वेगळा ढाबा नाही, त्या मानाने घरच्यांना पटवणं सोपं जातं.

पोकलेनच्या दोन्ही लिव्हर हायड्रॉलिकच्या असतात, दोन बोटांनी हलतात. लागते ती नजर आणि शांतपणा. माझ्या पहिल्या साईटवर मिस्त्री म्हणाला बाईने बकेट मारली तर पाईप फुटेल. पाण्याची लाईन नेमकी तिथूनच गेलेली. मी बकेटचे दात मातीत नुसते टेकवून पापुद्रा काढावा तशी माती काढली, पाईपचा निळा रंग दिसेपर्यंत, मग हाताने खणायला माणूस लावला. त्या दिवसानंतर नाजूक काम असलं की मलाच बोलवायचे.

सकाळी मशीन चालू करायच्या आधी ऑईल, हायड्रॉलिक ऑईल, चेनचा ताण, आणि पिन बुशला ग्रीस. हे हेल्परवर सोडू नका, नवीन असताना तर अजिबात नाही, कारण मशीन खडखडायला लागलं की नाव ऑपरेटरचं येतं आणि बाई असली तर दुप्पट येतं. ओढणी मशीनवर नको. मशीन फिरवताना मागचं वजन कुठे फिरतंय ते आधी बघायचं, तिथे माणूस सापडला तर चिरडतो, सिग्नल देणारा माणूस असल्याशिवाय मी फिरवत नाही, कोणी कितीही घाई केली तरी. वरून लाईटची तार गेली असेल आणि बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, चुकून लागलाच तर केबिनमधून उतरायचं नाही, लाईन बंद होईपर्यंत आतच बसायचं. आग लागली तरच बाहेर, दोन्ही पाय जुळवून उडी आणि पाय न उचलता सरकत सरकत लांब जायचं.

सर्टिफिकेटसाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचे बॅकहो लोडर आणि एक्स्कॅव्हेटर ऑपरेटरचे कोर्स आहेत. जेसीबी रस्त्यावरून न्यायचा तर लायसनवर त्याची नोंद लागते, साईटच्या आत चालतंय म्हणून दुर्लक्ष करू नका. आणि बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवा, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ऑपरेटर पण त्यात बसते, फक्त विटा उचलणाऱ्यांसाठी नाहीये ते. मला बाळंतपणाला तिथून १५ हजार मिळाले, सिझर असेल तर २० हजार, पहिल्या दोन मुलांपर्यंत.

चांद्याची_लेक

मी चंद्रपूरची, कोळसा खाणीत डंपरवर आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. बाबा गेल्यावर अनुकंपावर लागली, चार वर्षं ऑफिसात फायली उचलल्या, मग ऑपरेटरचा फॉर्म भरला तं सगळे म्हणे वेडी झाली का.

खाणीचं वेगळं आहे म्हणून सांगते. १९५२ च्या खाण कायद्यात बायकांना रात्रपाळी बंदच होती, जमिनीखाली तं पूर्ण बंद. २९ जानेवारी २०१९ च्या आदेशाने उघड्या खाणीत संध्याकाळी ७ ते सकाळी ६ पण काम करता येऊ लागलं, पण लेखी संमती पाहिजे आणि एका पाळीत कमीत कमी तिघी पाहिजेत. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही रात्रीसाठी तुमची संमती लागतेच. संमतीच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका नं, जाण्यायेण्याची गाडी आणि आरामाची जागा कोण देणार ते विचारून घ्या. झारखंडात टाटा स्टीलच्या नोआमुंडी खाणीत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण पाळीच बायकांची लावली, शॉव्हेल, डंपर, ड्रिल सगळं. तो फोटो मी माझ्या आईला दाखवला होता.

डंपर इतका उंच असतो का समोर उभी असलेली जीप दिसत नाही. म्हणून पहिला नियम, हॉर्न दिल्याशिवाय चाक हलवायचं नाही.

सहागाड्यावाला

मी मालक आहे, सहा गाड्या, नगर एमआयडीसीतून माल भरतो. वाईट वाटून घेऊ नका पण खरं सांगतो. गेल्या वर्षी एक ताई कामाला आल्या होत्या, लायसन होतं, टेस्टला गाडी चांगली चालवली, तरी मी नाही म्हणालो. कारण वाटेत काही झालं तर गाव मला विचारणार. आणि टायर फुटला तर? दहा चाकीचं चाक बदलायचं म्हणजे गड्याला घाम फुटतो. हा धागा वाचून दोन दिवस ते डोक्यात आहे.

दहाचाकी

दादा, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते बरं केलंत, मनात ठेवून नुसतं "कळवतो" म्हणणारे मालक जास्त भेटतात.

चाकाचं सांगते. लांब पान्यावर पाईप चढवायचा आणि पाईपवर उभं राहायचं, हाताने ओढायचं नाही. माझं वजन ५४ किलो आहे, नट सुटतो. चाक काढायला घालायला टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, खालून घालून उचलते. पहिल्या वेळी मला दोन तास लागले होते, आता पाऊण तास. आणि तुमच्या किती ड्रायव्हरांनी या वर्षी रस्त्यात स्वतः चाक बदललं ते विचारा, बहुतेक जण पंक्चरवाल्याला फोन करतात, मीही जवळ असेल तर करते.

त्या ताईंना बोलवा. सुरुवातीला दिवसाची फेरी द्या, नगर पुणे, रात्री घरी. पहिले दोन महिने जुना ड्रायव्हर शेजारी बसवा. पहिली नोकरीच मिळत नाही म्हणून कितीजणींचं लायसन कपाटात पडून आहे, अनुभव मागतात आणि अनुभव घ्यायला गाडी देत नाहीत. नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी यांचं नाव ऐकलं असेल, वकिलीचं शिक्षण, नवरा २००३ मध्ये अपघातात गेला आणि भोपाळहून ट्रक चालवायला लागल्या, दोन मुलं त्यावर वाढवली. एसटीत २०२३ मध्ये सासवड नीरा गाडीवर अर्चना अत्राम ड्रायव्हर म्हणून बसल्या तेव्हा लोक गेलेच की त्या गाडीतून.

कोर्टाची_वाट

वकील आहे, अपघात दाव्यांची कामं करते. दोन गोष्टी लिहिते.

एक, त्रासाबद्दल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा ट्रकवालीलाही लागू आहे. कामानिमित्त जिथे जाल ती जागा, त्यात मालकाने दिलेली गाडीही आली, कामाचं ठिकाणच धरतात. म्हणजे लोडिंग पॉइंटवरचा सुपरवायझर घाणेरडं बोलला तर तक्रार होते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. दहापेक्षा कमी असतील किंवा खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती, जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. मुदत ३ महिन्यांची आहे, कारण पटलं तर आणखी ३. तारीख, वेळ, गेट नंबर, तिथे कोण होतं, हे त्याच रात्री लिहून ठेवा.

दोन, दहाचाकी ताई, तुम्हाला थेट विचारते. गाडी कोणाच्या नावावर आहे?

दहाचाकी

मिस्टरांच्या. का हो?

कोर्टाची_वाट

मग आज पॉलिसी काढून बघा. मालक ड्रायव्हरचं जे १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं ते आरसीवर ज्याचं नाव त्यालाच. तुम्ही त्यात नाही. पगारी ड्रायव्हरसाठी जे असतं त्यात विमा कंपनी विचारणार की पगार कुठे दिलाय, दाखवा. घरची बाई घरची गाडी चालवते, पगाराचा कागद नाही, इथे दावे अडकतात, मी स्वतः बघितलेत. एकतर गाडी तुमच्या नावावर करा, नाहीतर तुमच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी घ्या आणि त्यात व्यवसाय अवजड वाहन चालक असाच लिहा, गृहिणी लिहू नका, प्रीमियम थोडा वाढेल पण नंतर तोंड लपवावं लागणार नाही. बँकेतली वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना तर आजच चालू करा, २ लाखांची आहे.

दहाचाकी

पॉलिसी बघितली. तुम्ही म्हणता तसंच आहे. पाच वर्षं मी कशात नव्हते. एजंटने दरवर्षी फर्स्ट पार्टी आहे, सगळं आहे म्हणून सांगितलं, आणि आम्ही सही करत गेलो. अंगावर काटा आला वाचून. गाडीवर बँकेचा बोजा आहे, नाव बदलायला वेळ लागेल, म्हणून आत्ताच वेगळ्या पॉलिसीचा फॉर्म भरायला घेतलाय. ज्या ज्या बायका नवऱ्याची, भावाची, सासऱ्याची गाडी चालवतात त्यांनी हे आज बघा, उद्यावर टाकू नका.

ब्रॅम्प्टनची_मराठी

कॅनडातून लिहितेय, मूळ कोल्हापूर. इथे ओंटारियोत ट्रेलरच्या लायसनआधी किमान १०३.५ तासांचं ट्रेनिंग २०१७ पासून सक्तीचं आहे, मी ते करूनच लागले. पण दहाचाकी ताईंनी लिहिलेलं बाथरूमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, कारण इथे हिवाळ्यात उणे वीसमध्ये मलाही एका गोडाऊनने बाहेर ठेवलेल्या डब्यासारख्या फिरत्या संडासात जायला सांगितलं होतं, आत हीटरवालं बाथरूम असताना. इथल्या मुलींनी एक केलं, कुठल्या गोडाऊनला बाईला आत जाऊ देतात आणि कुठे नाही याची यादी एकमेकींना पाठवत राहिल्या. तुम्हीही करा.

काळजीतली_आई

सगळं दोनदा वाचलं, मुलीलाही वाचायला दिलं. तिचं पक्कं लायसन गेल्या जूनमध्ये झालंय, मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे. वीस पूर्ण व्हायला सात महिने आहेत, तोवर मामाचा पिकअप चालवू दे असं घरात ठरलं. तिचे बाबा अजून बोलत नाहीत पण काल त्यांनीच पिकअपची पॉलिसी काढून बघितली.

सहागाड्यावाला

त्या ताईंना फोन केला. सोमवारपासून नगर चाकण, दिवसाची. ऑफिसच्या मागचं बाथरूम होतं त्याला कडी नव्हती, ती पोराकडून बसवून घेतली.

दहाचाकी

दादा, खूप बरं केलंत.

ब्रॅम्प्टनच्या ताईंचं मनावर घेतलंय. उद्यापासून मी इथेच माझ्या थांब्यांची यादी टाकते, पंप, गाव, आतून कडी आहे का, पाणी, रात्री लाईट, एवढंच. भिवंडी, जेएनपीटी, चाकण, बुटीबोरी इकडे जाणाऱ्यांनी आपापलं टाका. माणसांची नावं नंबर टाकू नका.

कराडच्या ताई, येत्या रविवारी मी घरीच आहे, गाडी रिकामी दारात उभी असणार. मुलीला घेऊन या, तिच्या बाबांनाही आणा. तिला सांगा चप्पल घालून येऊ नको, बूट घाल, मी तिला आधी चाक खोलायला लावणार आहे.